‘नकल डाउन’ : एका इंग्रजी वाक्प्रचाराचा पालटलेला अर्थ कसा शोधावा

‘नकल डाउन’ (knuckle down) या इंग्रजी वाक्प्रचाराचा आजचा अर्थ ‘मन लावून कामाला लागणे’ असा आहे आणि शाळकरी मुलांच्या कोशांतही तो तसाच दिलेला असतो. टॉमस डाइच आणि विल्यम पार्डन यांच्या इंग्रजी कोशाच्या १७४० च्या आवृत्तीत मात्र याच शब्दांपुढे वाकणे, नमणे, दुसऱ्याचे म्हणणे मान्य करणे, शरण जाणे असे अर्थ नोंदवलेले आहेत. शरणागतीचा शब्द उद्योगाचा शब्द कसा झाला आणि हा प्रवास घरी बसून, पुराव्यानिशी कसा शोधता येतो, हे येथे सांगायचे आहे. उदाहरण एकच घेतले आहे, पण रीत कोणत्याही वाक्प्रचाराला लागू पडते.

सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत या रीतीची गरज पडणारे वाचक पुष्कळ आहेत. इंग्रजी विषय घेऊन एम.ए. करणारे विद्यार्थी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले गद्य वाचतात. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांना तर ते वाचल्यावाचून गत्यंतरच नसते, कारण ग्रँट डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास कंपनीचा अधिकारी म्हणून राहिला होता, त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली लंडनमध्ये छापला गेला आणि १८४८ साली सातारा संस्थान खालसा होईपर्यंतचा बराचसा राजकीय व्यवहार इंग्रजीत लिहिला गेला. सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानाचीही हीच गोष्ट आहे. अशा कागदांत कोण कुणापुढे नमले, कोणी कोणती अट मान्य केली, कोणी माघार घेतली याचीच चर्चा असते. तेथे एखाद्या क्रियापदाचा आजचा अर्थ लावून वाचले तर माणसाची भूमिकाच उलटी होऊन बसते. म्हणून जुना इंग्रजी मजकूर वाचताना वाक्य सोपे वाटले तरी अर्थाची तारीख तपासण्याची सवय लावून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सुरुवात मूळ शब्दापासून करावी. ‘नकल’ म्हणजे बोटाचा सांधा, मूठ वळल्यावर वर येणारा हाडाचा उंचवटा. देवनागरीत हा शब्द आपल्या ‘नकल’सारखा दिसला तरी त्या शब्दाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्याच्या आरंभी न उच्चारला जाणारा ‘के’ आहे, त्यामुळे कोशात तो ‘के’ खाली शोधावा लागतो. जुन्या इंग्रजीत हा शब्द केवळ बोटांपुरता नव्हता. हाडाच्या सांध्याकडच्या टोकाला, मग ते बोटाचे असो, कोपराचे असो वा गुडघ्याचे, ‘नकल’ म्हणत असत. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात बोटाच्या सांध्याबरोबर वासराच्या गुडघ्याचा सांधा असाही अर्थ दिलेला आहे आणि इंग्लंडच्या खाटकाकडे वासराच्या मांसाच्या एका तुकड्याला आजही हेच नाव आहे. ही गोष्ट नोंदवून ठेवावी, पुढे ती कामाला येते.

त्यानंतर त्या शब्दामागची शरीराची कृती डोळ्यांपुढे आणावी, कारण वाक्प्रचार बहुधा एखाद्या कृतीतूनच जन्मतो. येथे ती कृती गोट्यांच्या खेळात सापडते. आपल्याकडे मुले गोट्या खेळताना एका हाताचा अंगठा जमिनीवर टेकवतात, गोटी मधल्या बोटाच्या टोकाशी धरतात आणि दुसऱ्या हाताने ते बोट धनुष्यासारखे मागे ओढून सोडतात. इंग्लंडमधल्या मुलांची पद्धत वेगळी असते. तेथे हात अर्धवट मिटून बोटाचा सांधा जमिनीला लावतात, गोटी वाकवलेल्या तर्जनीत बसवतात आणि अंगठ्याने ती उडवतात. सांधा जमिनीवरून उचलला तर तो डाव बाद धरतात. ‘नकल डाउन’ हा त्या खेळातला नियमच आहे, ‘सांधा खाली टेकव’ असा त्याचा शब्दशः अर्थ होतो. आपल्या गोट्यांत सांधा टेकवण्याची पद्धत नसल्यामुळे हा वाक्प्रचार आपल्याला आपोआप उलगडत नाही. ज्याला शक्य असेल त्याने एकदा जमिनीवर बसून तशी मूठ करून पाहावी. सांधा टेकवताना खांदा उतरतो, मान पुढे झुकते आणि नजर समोरच्या गोटीवर खिळते. नमल्यासारखी आणि कामात गढल्यासारखी अशी दोन्ही चित्रे त्या एका बैठकीत असतात.

आता कोशांकडे वळावे. आजचा कोश उघडून तेथेच थांबू नये आणि एकदम सर्वांत जुन्या कोशावरही उडी घेऊ नये. आजपासून मागे पायरीपायरीने जावे, म्हणजे अर्थ कुठे वळला ते नेमके दिसते. अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टरच्या कोशाची १९१३ ची आवृत्ती इंटरनेटवर विनामूल्य मिळते. तीत ‘नकल’ या क्रियापदाचा पहिला अर्थ नमणे, शरण जाणे असाच आहे आणि हे क्रियापद ‘डाउन’, ‘टू’ किंवा ‘अंडर’ यांच्यासह वापरतात अशी टीप आहे. त्याच नोंदीत ‘नकल टू’चे दोन अर्थ शेजारीशेजारी दिले आहेत, एक कुणाला शरण जाण्याचा आणि दुसरा एखाद्या कामाला नेटाने भिडण्याचा. म्हणजे १९१३ सालीसुद्धा दोन्ही अर्थ एका छपराखाली नांदत होते. वेब्स्टरच्याच १८२८ च्या मूळ कोशात नमणे, स्पर्धेत प्रतिस्पर्ध्यापुढे हार मानणे एवढाच अर्थ आहे. फ्रान्सिस ग्रोझच्या बाजारू इंग्रजीच्या कोशाची १८११ ची आवृत्ती ‘नकल टू’ म्हणजे शरण जाणे असे सांगते, आणि त्याच ठिकाणी ‘नकल्स’ म्हणजे गर्दीच्या जागी घड्याळे व पाकिटे लांबवणारे वरच्या दर्जाचे खिसेकापू, असाही एक अर्थ देते. जॉन्सन १७५५ साली शरण जाणे म्हणतो. डाइच-पार्डनचा १७४० चा दाखला वर आलाच आहे. कामाला लागण्याचा अर्थ अमेरिकेत १८६४ च्या सुमारास नोंदला गेलेला दिसतो. म्हणजे उपलब्ध नोंदींप्रमाणे शरणागतीचा अर्थ निदान सव्वाशे वर्षे आधीचा आहे.

या कोशांच्या छापील प्रती सांगलीत किंवा साताऱ्यात मिळवण्यासाठी धावाधाव करण्याचे कारण नाही. जॉन्सन, ग्रोझ, वेब्स्टर या सर्वांची पाने ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या विनामूल्य ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर छायाचित्ररूपात आहेत. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ हा या कामाचा मुख्य आधार होय, कारण प्रत्येक अर्थाखाली वर्षासह प्रत्यक्ष वापराची वाक्ये देण्याचे तत्त्व त्या कोशाने पाळले. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ साली पूर्ण झाली. आजच्या ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी पडते, परंतु पहिल्या आवृत्तीचे खंड अर्काइव्हवर फुकट वाचता येतात आणि आपल्या कामाला ते पुष्कळसे पुरतात. जोडीला मोल्सवर्थ आणि कँडी यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश अवश्य ठेवावा. सातारा खालसा होण्याच्या आदल्याच वर्षी तो प्रसिद्ध झाला, त्यामुळे त्या काळच्या इंग्रजी शब्दाला त्या काळचे मराठी कोणते, हे त्यात समकालीन नजरेने पाहायला मिळते.

जुनी पाने वाचताना एका अडचणीची तयारी ठेवावी. सुमारे १८०० पूर्वीच्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या आरंभीचा व मधला ‘एस’ लांबट वळणाचा असे आणि तो आजच्या ‘एफ’सारखा दिसतो. जॉन्सनच्या पानावरचे ‘सबमिट’ त्यामुळे नवख्या डोळ्याला ‘फबमिट’ वाटते. माणूस चारदोन ओळींत सरावतो, पण संगणकाने ओळखलेल्या अक्षरांत ही गल्लत कायम राहते. म्हणून जुन्या मजकुरात ‘एस’ असलेला शब्द शोधताना ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालूनही एकदा शोधावे. ‘नकल’ या शब्दात सुदैवाने ‘एस’ नाही, परंतु त्याच्या व्याख्येतल्या शब्दांत तो असतो.

प्रत्येक दाखल्यासाठी वहीत एक ओळ ठेवावी. तीत साल, ग्रंथ, इंग्लंड की अमेरिका, मूळ वाक्य जसेच्या तसे, क्रियापदाच्या पाठोपाठ आलेला छोटा शब्द आणि आपण लावलेला अर्थ, एवढे लिहिले की पुरे. यांतला पाठोपाठचा शब्द बहुतेक जण लिहीत नाहीत आणि तेथेच फसतात. या वाक्प्रचाराची सारी गोष्ट त्या छोट्या शब्दात दडलेली आहे. वर दिलेल्या अठराव्या शतकातल्या नोंदींत ‘डाउन’ आहे, नुसते ‘नकल’ही आहे, पण ‘अंडर’ कुठेही नाही. आजच्या इंग्रजीत मात्र वाटणी पक्की झाली आहे. ‘नकल अंडर’ म्हणजे दबावाखाली नमणे आणि ‘नकल डाउन’ म्हणजे कामाला जुंपून घेणे. ‘अंडर’ने जुना अर्थ आपल्याकडे घेतला आणि ‘डाउन’ नव्या अर्थासाठी मोकळे झाले. दोन रूपे एकाच अर्थासाठी भांडत असली की भाषा बऱ्याचदा अशी वाटणी करून देते.

कोशानंतर वाक्ये पाहावीत, कारण कोश बहुधा वापराच्या मागून येतो. एक बनवलेले वाक्य घेऊन पाहू. ‘द बॉय वुड नॉट नकल डाउन’ हे वाक्य १७६० सालच्या एखाद्या पत्रात असते तर मराठीत आपण ‘पोरगा काही नमेना’ असे लिहिले असते. तेच वाक्य १९६० सालच्या शाळेच्या अहवालात आले तर ‘पोरगा काही अभ्यासाला बसेना’ असे होईल. पहिल्या वाक्यातला मुलगा ताठ कण्याचा आहे, दुसऱ्यातला आळशी आहे. शब्द तेच, पण मुलाची स्तुती झाली की निंदा हे सालावरून ठरते. दोन टोकांच्या मधल्या काळातले, म्हणजे साधारण १८६० ते १९२० मधले वाक्य असेल तर सालही पुरे पडत नाही. तेव्हा पुढे काय आले आहे ते पाहावे. ‘टू’ नंतर माणूस, सत्ता किंवा मागणी आली असेल तर अर्थ शरणागतीकडे झुकतो, आणि काम, अभ्यास किंवा व्यवसाय आला असेल तर उद्योगाकडे. पुढे काहीच नसेल तर आधीच्या परिच्छेदात भांडण चालले आहे की काम पडले आहे, हे वाचून ठरवावे. तरीही उलगडा होत नसेल तर दोन्ही अर्थ तळटीपेत द्यावेत. ओढूनताणून एकच अर्थ बसवणे हा वाचकावर अन्याय आहे.

अर्थांचा क्रम लागल्यावरच व्युत्पत्तीच्या कथांकडे जावे. हा क्रम उलटा केला की आवडलेल्या कथेला जुळतील तेवढेच दाखले डोळ्यांत भरतात. या शब्दाच्या तीन कथा सांगितल्या जातात. जॉन्सन म्हणतो की वादात हरलेला माणूस टेबलाच्या खालच्या बाजूवर बोटांच्या सांध्यांनी ठोकून हार मान्य करी, त्या चमत्कारिक प्रथेवरून हा अर्थ आला असावा. त्याने स्वतःच ‘मला वाटते’ असे शब्द घातले आहेत, हे कथा पुढे सांगणारे बहुधा गाळतात. दुसरी कथा गोट्यांची. तिसरीप्रमाणे ‘नकल’ म्हणजे येथे गुडघा, म्हणून ‘नकल डाउन’ म्हणजे गुडघे टेकणे.

या कथा तपासण्याची रीत अशी की, प्रत्येकीला लागणारा पुरावा दुसरीकडे स्वतंत्रपणे आहे का ते पाहायचे. जॉन्सनची प्रथा हवेतून आलेली नाही. इंग्रजीत ‘नॉक अंडर’ हा हार मानण्याचा वेगळा वाक्प्रचार होता आणि दारूच्या बैठकीत प्याला रिचवता न येणाऱ्याने टेबलाखाली ठोकावे, अशा अर्थाचे उल्लेख सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सापडतात. वेब्स्टरचा १९१३ चा कोशही ‘नॉक अंडर’चा उगम टेबलाखाली ठोकण्याच्या प्रथेतच सांगतो. म्हणजे टेबलाची कथा खरी असली तरी ती शेजारच्या वाक्प्रचाराची असण्याचा संभव अधिक आहे, आणि ‘नकल’ला पुढे चिकटलेले ‘अंडर’ त्या शेजाऱ्याकडून आले असणेही शक्य आहे. गुडघ्याच्या कथेला ‘नकल’चा जुना, व्यापक अर्थ पाठबळ देतो, म्हणूनच तो आरंभी नोंदवून ठेवायला सांगितला होता. डाइच-पार्डनने पहिला अर्थ ‘वाकणे’ दिला आहे, हेही या कथेला अनुकूल आहे. गोट्यांची कथा कामाला लागण्याच्या अर्थाला अधिक चांगली लागू पडते. माझे मत विचाराल तर शरणागतीचा अर्थ वाकण्या-टेकण्यातून आणि उद्योगाचा अर्थ खेळाच्या पवित्र्यातून बळावला, असे मानणे दाखल्यांशी सर्वांत जुळते. एकाच रूपाला दोन उगम असू शकतात ही शक्यता अभ्यासकाने मोकळी ठेवावी.

मराठी वाचकाला हा पालट विचित्र वाटण्याचे खरे तर कारण नाही. ‘त्याला चारचौघांत मान खाली घालावी लागली’ म्हटले की लाज आणि हार दिसते, आणि ‘तो मान खाली घालून काम करतो’ म्हटले की कष्टाळूपणा दिसतो. मान तीच, खाली घालणेही तेच. ती माणसापुढे घातली की एक अर्थ आणि कामापुढे घातली की दुसरा. इंग्रजीत ‘डाउन’ने हेच केले. अमेरिकन इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच ‘बकल डाउन’ हा जोडीदारही दिसू लागला. ‘बकल’ म्हणजे पट्ट्याचा चाप, पूर्वी चिलखत अंगावर आवळण्याचा, म्हणून त्याला आपल्या ‘कंबर कसणे’चा अर्थ आला. पण ‘बकल’चा दुसरा अर्थ भाराने वाकणे असा असल्यामुळे ‘बकल अंडर’ म्हणजे कोसळणे किंवा नमते घेणे. दोन वेगवेगळे शब्द, आणि दोघांच्याही बाबतीत ‘डाउन’ला काम व ‘अंडर’ला हार मिळावी, ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका वाक्प्रचाराचा निष्कर्ष काढल्यावर असा जोडीदार शोधावा. तो सापडला तर निष्कर्षाला आधार मिळतो.

वापर वाढला की घटला हे पाहण्यासाठी गूगलचे एनग्राम नावाचे साधन उपयोगी पडते. ‘नकल’नंतर तारांकित खूण टाकून शोधले की त्यापाठोपाठ सर्वाधिक येणारे दहा शब्द आलेखात दिसतात, आणि ब्रिटिश व अमेरिकन पुस्तके वेगळी करूनही पाहता येतात. मात्र हा आलेख शब्द मोजतो, अर्थ मोजत नाही. ‘नकल डाउन’ची रेघ वर गेली तर शरणागती वाढली, उद्योग वाढला की गोट्यांवरची पुस्तके वाढली, हे तो सांगत नाही. गूगल बुक्समधील सालही डोळे झाकून घेऊ नये. जुन्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीला नवे साल लागलेले असते आणि नियतकालिकाच्या पुढच्या अंकाला कधी कधी पहिल्या अंकाचे साल चिकटते. म्हणून वाक्य सापडले की मुखपृष्ठाच्या आतील छपाईचे पान उघडून साल स्वतः वाचावे.

भाषांतर करताना मिळालेल्या माहितीचा उपयोग काटकसरीने करावा. जुन्या मजकुरातल्या ‘नकल डाउन’साठी प्रसंगाप्रमाणे नमते घेणे, मान तुकवणे, गुडघे टेकणे, हार मानणे यांतून निवड करावी. यांची धार सारखी नाही. नमते घेणाऱ्याची अब्रू शाबूत राहते, गुडघे टेकणाऱ्याची राहत नाही, आणि ‘दाती तृण धरणे’ तर पूर्ण पराभवाचे आहे. मूळ वाक्प्रचार बोलीतला, थोडा हलका आहे, त्यामुळे त्यासाठी भारदस्त ‘शरणागती पत्करणे’ वापरले तर लेखकाचा आवाज बदलतो. तळटीप द्यायची असेल तर ‘१७४० च्या कोशाप्रमाणे नमणे; कामाला लागण्याचा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला’ एवढी एक ओळ पुरे होते.

सरावासाठी पुढचा शब्द ‘यील्ड’ घ्यावा. सांगली भागातल्या ऊस आणि हळद पिकवणाऱ्यांना तो एकरी उत्पादनासाठी माहीत आहे, वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर तो रोख्यावरील परताव्यासाठी येतो, जुन्या युद्धवर्णनांत तो किल्ला शत्रूच्या हवाली करण्यासाठी असतो आणि अमेरिकेतल्या रस्त्यांवर, जेथे अशी पाटी प्रथम १९५० साली ओक्लाहोमातील टल्सा शहरात लागली, तो दुसऱ्या वाहनाला आधी जाऊ द्या असे सांगतो. प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘देणे चुकते करणे’ असा होता आणि जर्मन भाषेतला पैशाचा शब्द ‘गेल्ट’ त्याचाच नातलग आहे. देणे चुकवण्यातून एका बाजूला पीक देणे आणि दुसऱ्या बाजूला हार मानून हवाली करणे, या दोन फांद्या कोणत्या शतकात फुटल्या, हे वर सांगितलेल्या क्रमाने मागे मागे जात वहीत मांडावे. मागे जाताना वेब्स्टरच्या १८२८ च्या कोशापाशी जरा थांबावे, कारण त्यातली ‘यील्ड’ची नोंद मोठी आहे आणि तीत उत्पन्न देण्याचा व शरण जाण्याचा असे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी वाचायला मिळतात.